विषाणूहूनही सूक्ष्म : रोपवाटिकेच्या कात्रीवरून पसरणारा 'व्हायरॉइड'

पनवेल/प्रतिनिधी

शेवंतीच्या वाफ्यात एकाच दिवशी, एकाच मातीत आणि एकाच खतावर लावलेली रोपे कधी कधी सारखी वाढत नाहीत. काही जोमाने वर येतात, तर काही निम्म्या उंचीवरच थांबतात. पाने आखूड होतात, त्यांवर फिकट ठिपके उमटतात, कळ्या वेळेआधी उमलतात आणि फुलांचा रंग उतरलेला असतो. शेतकरी कधी माती बदलतो, कधी बुरशीनाशक फवारतो, कधी खताची मात्रा वाढवतो. पण रोप हलत नाही. अशा वेळी दोष मातीचा किंवा खताचा नसून ज्या मातृरोपावरून फाटे छाटले त्या रोपाचा, आणि ज्या कात्रीने ते छाटले त्या कात्रीचाही असू शकतो. वनस्पतिरोगशास्त्राला ठाऊक असलेल्या सर्वांत लहान रोगकारकाची ही करामत असते. त्याचे नाव 'व्हायरॉइड', म्हणजे विषाणूसारखा.

मुंबई-पुणे जुना मार्ग आणि मुंबई-गोवा मार्ग जेथे एकमेकांपासून फुटतात, त्या पनवेल परिसरात या विषयाला विशेष महत्त्व आहे. महामार्गालगतच्या रोपवाटिकांतून शोभेची झाडे, फळझाडांची कलमे आणि नारळाची रोपे नवी मुंबईतील सज्ज्यांपासून कोकणातील वाड्यांपर्यंत जातात. शेजारच्या उरण तालुक्यातील न्हावाशेवा बंदरातून १९८९ पासून परदेशी मालाची ये-जा होत आहे आणि नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटनही ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. जेथे रोपांची एवढी उलाढाल होते, तेथे रोपांबरोबर डोळ्यांना न दिसणारे काय काय प्रवास करते, हे समजून घेणे हिताचे आहे.

साडेतीनशे अक्षरांचा रोग

विषाणू म्हटला की दोन गोष्टी आल्या : आतमध्ये आनुवंशिक संदेश आणि त्याभोवती प्रथिनाचे कवच. व्हायरॉइडला हे कवचही नसते. तो म्हणजे आरएनए या रेणूचा, दोन्ही टोके जोडून कड्यासारखा झालेला एक उघडा धागा. बहुतेक व्हायरॉइडांच्या धाग्यात सुमारे २५० ते ४०० घटक असतात. आनुवंशिकतेची भाषा चार अक्षरांत लिहिली जाते असे मानले, तर हा संपूर्ण रोगकारक या बातमीतील एका परिच्छेदात मावेल. तुलनेसाठी पाहायचे तर तंबाखूच्या केवडा रोगाच्या, म्हणजेच टोबॅको मोझाइकच्या विषाणूत सुमारे ६,४०० आणि करोना विषाणूत सुमारे ३०,००० अक्षरे असतात.

याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे व्हायरॉइडच्या या मजकुरात एकाही प्रथिनाची कृती लिहिलेली नसते. विषाणू निदान स्वतःच्या काही प्रथिनांची रचना बरोबर घेऊन येतो. व्हायरॉइड मात्र रिकाम्या हाताने येतो आणि झाडाच्याच यंत्रणेकडून सगळे काम करवून घेतो. झाडाच्या पेशीतील जे विकर डीएनएवरून आरएनएची नक्कल काढते, त्याच विकराला तो स्वतःची नक्कल काढायला लावतो. कडे गोल असल्याने नक्कल रहाटगाडग्याप्रमाणे फिरत राहते आणि एकामागोमाग एक जोडलेल्या प्रतींची लांब माळ तयार होते. मग ती माळ ठरावीक ठिकाणी तुटते आणि प्रत्येक तुकड्याची टोके जुळून नवे कडे बनते. काही व्हायरॉइडांचा आरएनए तर स्वतःच स्वतःला कापतो. त्यासाठी त्याला विकराचीही गरज लागत नाही.

व्हायरॉइडांची दोन कुळे मानली जातात. पहिल्या कुळातील व्हायरॉइड पेशीच्या केंद्रकात वाढतात. बटाटा, शेवंती, लिंबूवर्गीय झाडे आणि नारळ यांवरील प्रमुख व्हायरॉइड याच कुळातले. दुसऱ्या कुळातील व्हायरॉइड पानांच्या हरितलवकात वाढतात. पीच झाडावरील व्हायरॉइड हे त्याचे उदाहरण होय.

बटाट्यापासून सुरुवात

या शोधाची सुरुवात बटाट्यापासून झाली. अमेरिकेत १९२० च्या दशकात एका विचित्र रोगाचे वर्णन करण्यात आले. त्यात बटाटे गोल न राहता चातीसारखे लांबट आणि टोकाशी निमुळते होत. हा रोग विषाणूचा असावा असे कित्येक वर्षे गृहीत धरले गेले. पण विषाणू काही सापडेना. मेरीलँड राज्यातील बेल्ट्सविल येथील अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन केंद्रात काम करणारे थिओडोर डीनर यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. रोगकारक रस वेगाने फिरवल्यावर विषाणू तळाशी बसायला हवा होता; हा रोगकारक मात्र वरच तरंगत राहिला, म्हणजे तो अतिशय हलका होता. प्रथिने नष्ट करणाऱ्या विकराने त्याचे काही बिघडले नाही, पण आरएनए नष्ट करणाऱ्या विकराने त्याची रोगकारक शक्ती संपली.

यावरून डीनर यांनी १९७१ मध्ये हा केवळ आरएनएचा लहानसा रेणू असल्याचे मांडले आणि त्याला 'व्हायरॉइड' हे नाव दिले. प्रथिनांवाचून रोग होऊ शकतो ही कल्पना त्या काळी पचनी पडणे सोपे नव्हते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील संशोधकांनी लिंबूवर्गीय झाडांच्या एक्सोकॉर्टिस रोगामागेही असाच रेणू असल्याचे दाखवले. १९७८ मध्ये जर्मन संशोधकांनी बटाट्याच्या व्हायरॉइडची सर्व ३५९ अक्षरे वाचली आणि शंकेला जागा उरली नाही. डीनर यांना १९८७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. २०२३ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यानंतर त्यांचे निधन झाले.

प्रथिन नाही, मग झाड आजारी का पडते?

जो रोगकारक विष तयार करीत नाही, प्रथिन बनवत नाही, तो झाडाला आजारी कसा पाडतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांना अनेक दशके पडला होता. त्याच्या उत्तराचा एक भाग झाडाच्या संरक्षण व्यवस्थेतच दडलेला आहे. पेशीत परका दुहेरी आरएनए दिसला की झाड त्याचे बारीक तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या साहाय्याने तसाच मजकूर असलेले इतर आरएनए शोधून नष्ट करते. व्हायरॉइडच्या तुकड्यांपैकी एखाद्याचा मजकूर योगायोगाने झाडाच्याच एखाद्या जनुकाच्या संदेशाशी जुळला, तर झाडाची ही यंत्रणा स्वतःचाच संदेश कापून टाकते. पीच झाडाची पाने पांढरी पाडणाऱ्या व्हायरॉइडच्या बाबतीत २०१२ मध्ये हे प्रयोगाने दाखवण्यात आले. शत्रूवर उगारलेली तलवार स्वतःच्याच हातावर पडावी, असा हा प्रकार आहे.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते. एकाच व्हायरॉइडमुळे एका जातीचे झाड खुरटते, तर दुसरे वर्षानुवर्षे हिरवेगार राहते. मजकुरात दोन-चार अक्षरांचा फरक पडला तरी सौम्य रोग तीव्र होऊ शकतो.

विदर्भाच्या संत्र्याचा खुंट

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत महत्त्वाचे पीक म्हणजे संत्रा आणि मोसंबी. नागपुरी संत्र्याचे झाड हे खरे पाहता दोन झाडांचे मिळून झालेले असते. खाली जंबेरी किंवा रंगपूर लाईम यांचा खुंट आणि वर संत्र्याचा डोळा. अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, विशेषतः शेंदूरजनाघाट परिसरात, डोळे भरून कलमे तयार करण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्या मातृवृक्षावरून डोळकाडी घेतली त्यात एक्सोकॉर्टिसचा व्हायरॉइड असेल, तर तो प्रत्येक डोळ्याबरोबर नव्या झाडात जातो.

येथे खुंटाची निवड निर्णायक ठरते. जंबेरी या व्हायरॉइडला बरीच दाद देत नाही. रंगपूर लाईम मात्र त्याला बळी पडतो. रंगपूरच्या खुंटावर काही वर्षांनी कलमाच्या जोडाखालची साल तडकते, तिचे पोपडे निघतात, झाड खुजे राहते आणि उत्पादन घटते. दुसरीकडे जंबेरी हा मूळकूज व डिंक्या रोगाला बळी पडतो, तर रंगपूर लाईम पाण्याचा ताण अधिक सोसतो. म्हणून शेतकऱ्याने खुंट बदलला आणि डोळकाडी जुनीच ठेवली, तर इतकी वर्षे जंबेरीवर निमूटपणे राहिलेला व्हायरॉइड रंगपूरवर डोके वर काढू शकतो. लागवडीनंतर चार-पाच वर्षांनी, म्हणजे बाग हाताशी येण्याच्या वेळी, नुकसान दिसू लागते. तोवर भांडवल आणि काळ दोन्ही खर्ची पडलेले असतात.

लिंबूवर्गीय झाडांवरील व्हायरॉइडांचा भारतात बराच अभ्यास झाला आहे. लिंबाच्या झाडात शिरा पिवळ्या व बुचासारख्या खरखरीत होण्याचा एक रोग आढळतो. त्या झाडांत 'हॉप स्टंट' नावाच्या व्हायरॉइडचा एक प्रकार असल्याचे संशोधन २००३ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. टोमॅटोच्या झाडाचा शेंडा गुच्छासारखा करणारा भारतातील एक रोग हा एक्सोकॉर्टिस व्हायरॉइडच्याच वेगळ्या प्रकारामुळे होतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे लिंबाच्या बागेतील रोगकारकाचा सख्खा भाऊ टोमॅटोच्या शेतात निघाला. द्राक्षवेलींमध्येही व्हायरॉइड आढळतात. भारतीय द्राक्षवेलींतील 'ऑस्ट्रेलियन ग्रेपवाइन' व्हायरॉइडचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

शोभेच्या झाडांतील मूक वाहक

शेतकऱ्याला न दिसणारा धोका शोभेच्या झाडांत अधिक असतो. शेवंती आजारी पडली तर निदान दिसते. शेवंतीतील व्हायरॉइडची भारतातील पहिली नोंद २००२ मध्ये झाली. परंतु अनेक शोभेची झाडे व्हायरॉइड अंगात बाळगूनही टवटवीत राहतात. नेदरलँड्समध्ये २००६ च्या सुमारास केलेल्या तपासणीत पांढऱ्या फुलांच्या सोलॅनम वेलीत आणि धोत्र्याच्या जवळच्या, घंटेसारखी फुले लोंबणाऱ्या ब्रुगमॅन्सियात बटाट्याचा व्हायरॉइड मोठ्या प्रमाणावर आढळला. या झाडांवर रोगाचे कोणतेही लक्षण नव्हते. ही झाडे बटाटा-टोमॅटोच्याच कुळातील असल्याने युरोपीय संघाने २००७ मध्ये त्यांच्या व्यापारावर तातडीचे निर्बंध घातले.

भारतही याला अपवाद नाही. शोभेच्या काही झाडांत एक्सोकॉर्टिस, आयरेसिन आणि टोमॅटो क्लोरोटिक ड्वार्फ हे तीन व्हायरॉइड भारतात आढळल्याची नोंद २००६ मध्ये 'प्लांट डिसीज' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. यांतील तिसऱ्याचे नावच सांगते, की त्याचा खरा तडाखा टोमॅटोला बसतो.

जपानमधील हॉप या पिकाची कथाही बोलकी आहे. बिअरला कडवटपणा देणाऱ्या या वेलीत विसाव्या शतकाच्या मध्यास खुरटेपणाचा रोग पसरला. पुढील संशोधनातून असे दिसून आले, की हा व्हायरॉइड मुळात द्राक्षवेलीत निरुपद्रवी पाहुणा म्हणून राहत होता. तेथून तो हॉपमध्ये शिरला आणि घातक ठरला. एका पिकाचा पाहुणा दुसऱ्याचा वैरी होतो, तो असा.

कोकणाच्या नारळाला धोका किती?

व्हायरॉइडने केलेल्या सर्वांत मोठ्या विध्वंसाचे उदाहरण नारळाचे आहे. फिलिपिन्समध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'कडांग-कडांग' नावाचा रोग उद्भवला. तेथील बिकोल भाषेतील मृत्यूवाचक शब्दावरून हे नाव पडले. आधी नारळ लहान व गोल होऊन त्यांवर ओरखडे दिसतात, झावळ्यांवर पिवळे ठिपके येतात. मग पोई वांझ होते, फळधारणा थांबते आणि लक्षणे दिसू लागल्यापासून सुमारे ८ ते १६ वर्षांत माड मरतो. आजवर ३ कोटींहून अधिक माड या रोगाने गेल्याचे मानले जाते. १९७५ मध्ये या रोगाशी निगडित व्हायरॉइड ओळखण्यात आला. त्याच्या सर्वांत लहान रूपात अवघी २४६ अक्षरे आहेत. माडाच्या उंचीशी तुलना केली तर निसर्गाच्या या विषमतेने मन थक्क होते. बागेतल्या बागेत हा रोग नेमका कसा पसरतो, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

दिलाशाची बाब म्हणजे हा रोग भारतात आढळलेला नाही. रायगड-रत्नागिरीतील एखादा माड सुकला की त्याचा संबंध व्हायरॉइडशी जोडण्याचे कारण नाही. गेंड्या भुंगा, सोंड्या भुंगा, कोंब कुजणे आणि चक्राकार पांढरी माशी ही आपल्याकडील नेहमीची कारणे आहेत. केरळातील नारळाचा मूळ-मर रोगही व्हायरॉइडमुळे नव्हे, तर फायटोप्लाझ्मा या वेगळ्या सूक्ष्मजीवामुळे होतो. तथापि रोग नाही म्हणूनच तो येऊ न देणे महत्त्वाचे ठरते. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार फिलिपिन्स व ग्वाम येथून लागवडीसाठी नारळ आणण्यास मनाई आहे. परदेशातून येणाऱ्या कोणत्याही लागवडयोग्य रोपासाठी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. न्हावाशेवा हे अशा मालाच्या अधिकृत प्रवेशद्वारांपैकी एक आहे. धोका बंदरातील मोठ्या पेट्यांपेक्षा प्रवाशाच्या पिशवीतून कौतुकाने आणलेल्या एखाद्या फाट्याचा किंवा रुजलेल्या नारळाचा अधिक असतो, कारण त्याची तपासणी होत नाही.

ओळख कशी पटते?

वनस्पतींच्या विषाणूंची तपासणी प्रयोगशाळेत बहुधा 'एलायझा' पद्धतीने होते. त्यात विषाणूच्या प्रथिन कवचाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा उपयोग करतात. व्हायरॉइडला कवचच नसल्याने ही स्वस्त व सोपी चाचणी येथे निरुपयोगी ठरते. एखाद्या रोपाचा 'विषाणूमुक्त' अहवाल एलायझावर आधारित असेल, तर ते रोप व्हायरॉइडमुक्त आहे असा त्याचा अर्थ होत नाही. रोपे विकत घेणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मग ओळख पटवण्याचे मार्ग कोणते? पहिला आणि सर्वांत जुना मार्ग सूचक झाडांचा. संशयित झाडाची साल किंवा डोळा अशा झाडावर बांधतात, जे व्हायरॉइड शिरताच ठळक लक्षणे दाखवते. लिंबूवर्गीय झाडांसाठी 'एट्रॉग सिट्रॉन' या महाळुंगाच्या जातीचा वापर होतो. तिची पाने खाली वळतात आणि शिरा तपकिरी पडतात. बटाट्याच्या व्हायरॉइडसाठी टोमॅटोची विशिष्ट जात वापरतात. ही पद्धत विश्वासार्ह आहे, पण तिला आठवडे किंवा महिने लागतात आणि उबदार काचघर लागते.

दुसरा मार्ग जेलचा. पानांतील आरएनए वेगळा काढून जेलमधून विजेच्या प्रवाहाने ओढतात. मग परिस्थिती अशी बदलतात की व्हायरॉइडचे मिटलेले कडे उलगडते. उलगडलेले गोल कडे सरळ धाग्यांच्या मागे रेंगाळते आणि वेगळी रेघ म्हणून दिसते. कोणता व्हायरॉइड असेल याची कल्पना नसतानाही ही पद्धत उपयोगी पडते, हे तिचे वैशिष्ट्य.

तिसरा मार्ग मजकूर जुळवण्याचा. ज्ञात व्हायरॉइडला पूरक असा खूण केलेला धागा तयार करून तो नमुन्यावर सोडतात. जुळला तर डाग उमटतो. एकाच कागदावर शेकडो रोपांचे नमुने तपासता येत असल्याने रोपवाटिकांच्या सर्वेक्षणाला ही पद्धत सोयीची आहे. चौथा मार्ग 'आरटी-पीसीआर'चा, जो करोनाच्या साथीने घरोघरी माहीत करून दिला. त्यात आरएनएचे डीएनएत रूपांतर करून त्याच्या असंख्य प्रती काढतात. अलीकडे नमुन्यातील सर्व सूक्ष्म आरएनए एकदम वाचून त्यात व्हायरॉइडचा मजकूर आहे का, हे संगणकावर तपासले जाते.

ओळख पटली म्हणजे काम संपले असे नाही. मग व्हायरॉइडचे गुणधर्म निश्चित करावे लागतात. त्याची सर्व अक्षरे वाचून जगभरातील नोंदींशी ताडतात. ज्ञात व्हायरॉइडांशी साम्य ९० टक्क्यांहून कमी निघाले तर तो नवी जाती असू शकतो, असा संकेत आहे. धागा स्वतःभोवती कसा मिटतो, तो कोणकोणत्या झाडांत शिरतो, बियांतून जातो का, हेही पाहतात. शेवटची कसोटी सर्वांत कडक असते. प्रयोगशाळेत तयार केलेली शुद्ध प्रत निरोगी रोपात टोचून तोच रोग उद्भवतो का, आणि त्या रोपातून तोच व्हायरॉइड पुन्हा मिळतो का, हे दाखवावे लागते. तोवर 'आढळला' एवढेच म्हणता येते. 'रोग यामुळेच झाला' असे म्हणता येत नाही.

औषध नाही, स्वच्छता हाच उपाय

व्हायरॉइडवर फवारण्याचे कोणतेही औषध नाही. बुरशीनाशक, कीटकनाशक किंवा प्रतिजैविक यांचा त्यावर परिणाम होत नाही. एकदा शिरलेला व्हायरॉइड झाडात शेवटपर्यंत राहतो आणि त्या झाडाच्या प्रत्येक फाट्यातून, डोळ्यातून पुढे जातो. काही व्हायरॉइड बिया व परागांतूनही जातात. मात्र रोपवाटिकेत त्याचे मुख्य वाहन म्हणजे कात्री, चाकू आणि माणसाचे हात. त्यामुळे प्रतिबंधाचे उपाय साधे, पण काटेकोर आहेत.

पहिला उपाय अवजारांचा. कात्री स्पिरिटने पुसणे किंवा ज्योतीवर क्षणभर धरणे व्हायरॉइडच्या बाबतीत भरवशाचे नाही. कपडे शुभ्र करण्यासाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण अधिक परिणामकारक ठरते. बाटलीवर ५ टक्के असे प्रमाण लिहिलेले असेल, तर १ भाग द्रावणात ४ भाग पाणी मिसळून १ टक्क्याचे द्रावण होते. एका मातृवृक्षाचे काम संपल्यावर पाते त्यात बुडवावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि दिवसअखेर तेलाचा हात द्यावा, अन्यथा ते गंजते. द्रावण रोज ताजे करावे आणि ते कोणत्याही आम्लात मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. दोन कात्र्या ठेवल्या तर एक भिजत असताना दुसरी वापरता येते.

दुसरा उपाय मातृरोपांचा. फाटे व डोळकाडी घेण्यासाठी तपासलेली मातृरोपे वेगळी राखावीत. वाफ्यातील चांगले दिसणारे कोणतेही रोप मातृरोप म्हणून वापरू नये. तिसरा उपाय अंतराचा. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे आणि पिटुनिया, ब्रुगमॅन्सिया, सोलॅनम यांसारखी शोभेची झाडे एकाच छताखाली व एकाच हाताने हाताळू नयेत. संशयित रोप मुळासकट काढून नष्ट करावे.

खुरटलेले प्रत्येक रोप व्हायरॉइडग्रस्त नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. कुंडीतील शेवंती आटोपशीर दिसावी म्हणून तिला वाढरोधक देण्याची पद्धत आहे. मिरचीवरील बोकड्या रोगाचा प्रसार फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्याशी निगडित असतो. तेथे कीडनियंत्रण उपयोगी पडते. म्हणूनच तपासणीवाचून निदान करणे धोक्याचे असते. चुकीच्या निदानामुळे एक तर फवारणीचा खर्च वाया जातो किंवा चांगली रोपे उपटली जातात.

कायद्याची आणि योजनेची व्याप्ती

रोगमुक्त रोप तयार करण्याचे तंत्र उपलब्ध आहे. कोंबाच्या टोकाचा, मिलिमीटरहूनही लहान असा भाग बहुधा रोगकारकापासून मुक्त असतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली कापून परीक्षानळीतील छोट्या खुंटावर बसवतात. लिंबूवर्गीय झाडांसाठी हे सूक्ष्म कलम तंत्र विशेष यशस्वी ठरले आहे. नागपूर येथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१४ पासून केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत त्याचा वापर होतो. शेवंतीत मात्र काम अवघड आहे. तेथे रोपे दीर्घकाळ थंडीत ठेवून मग टोकाचा भाग घ्यावा लागतो आणि तरीही यश दर वेळी मिळतेच असे नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी 'स्वच्छ रोप कार्यक्रमा'ला मंजुरी दिली. सुमारे १,७६६ कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात देशभर ९ केंद्रे उभारायची असून, त्यांपैकी पुणे, नागपूर आणि सोलापूर अशी ३ महाराष्ट्रातील आहेत. पुणे द्राक्षासाठी, नागपूर संत्र्यासाठी आणि सोलापूर डाळिंबासाठी. परंतु हा कार्यक्रम फळपिकांचा आहे. रोपवाटिकांना परवाना बंधनकारक करणारा महाराष्ट्राचा १९६९ चा कायदाही नावाप्रमाणेच फळझाडांच्या रोपवाटिकांचा आहे. शेवंती, पिटुनिया, डेलिया यांसारख्या शोभेच्या झाडांची विक्री या दोन्हींच्या कक्षेबाहेर राहते. ज्या झाडांत व्हायरॉइड लक्षणांवाचून लपून राहतो, नेमकी तीच झाडे कोणत्याही कागदाविना हातोहात जातात, ही या व्यवस्थेतील मोठी त्रुटी होय.

ग्राहकाने घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. व्हायरॉइड माणसांना किंवा जनावरांना रोग करीत नाहीत. व्हायरॉइडग्रस्त झाडाचे संत्रे, टोमॅटो किंवा बटाटा खाल्ल्याने अपाय होत नाही. नुकसान होते ते उत्पादकाचे. उलट, सौम्य व्हायरॉइडचा उपयोग करून लिंबूवर्गीय झाडे मुद्दाम बुटकी ठेवण्याचे आणि दाट लागवड करण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलिया व कॅलिफोर्नियात झाले आहेत. मानवी शरीरातील जिवाणूंच्या वस्तीतही व्हायरॉइडशी साम्य असलेले, 'ओबेलिस्क' असे नाव दिलेले आरएनए आढळल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा कोणत्याही रोगाशी संबंध सिद्ध झालेला नाही.

पनवेलच्या रोपवाटिकाधारकासाठी या साऱ्याचा अर्थ सोपा आहे. प्रयोगशाळेची तपासणी प्रत्येकाला, प्रत्येक रोपासाठी परवडणारी नाही. पण मातृरोपाची चौकशी करणे, कात्री धुणे आणि टोमॅटोची रोपे पिटुनियापासून दूर ठेवणे याला काही रुपयांहून अधिक खर्च येत नाही. येथून गेलेले रोप कोणाच्या सज्ज्यात तर कोणाच्या बागेत वाढणार असते. बागायतदाराला त्या रोपाचा भलेबुरेपणा कळायला चार-पाच वर्षे जातात; विकणाऱ्याने घेतलेली काळजी हीच तोवर त्याची एकमेव हमी असते.